आठव्या मिनिटाचा धक्का

सुतळ्याने चित्र पाचव्यांदा मागे नेलं आणि पुन्हा सोडलं.

बोटीच्या पुढच्या टोकावरून दिसणारं हिरवट पाणी. त्यावर शिडाची सावली हलतेय. कॅमेरा आईच्या हातात, त्यामुळे ती दिसत नाही, तिचा श्वास तेवढा ऐकू येतो. मग चित्र एकदम डावीकडे कलतं आणि 'ठप्' असा आवाज होतो. फार मोठा नाही. भरलेली पिशवी जमिनीवर टेकवावी, तेवढाच. मागून मामाचा आवाज, "ओंडका असेल." आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आईचा, "हं, असेल."

चित्र सरळ होतं. पुढे नुसता वारा.

"हे फिल्ममध्ये कुठे आहे?" बायकोने त्याच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"नाहीच आहे. चित्र हललं म्हणून मी आठव्या मिनिटाला तेवढा तुकडा काढून पक्षी घातले होते. आज वाऱ्याचा आवाज साफ करायला मूळ चित्रण उघडलं, हेडफोन लावले, तेव्हा ऐकू आलं."

"सफरीचा कितवा दिवस?"

"अकरावा."

"आणि पिल्लू दिसलं तो?"

"चौदावा," सुतळ्या म्हणाला. "म्हणून तर तुला वर बोलावलं."

सकाळचे दहा वाजले होते. शिडं शिवायच्या कारखान्यावरच्या या खोलीत गेली बारा वर्षं घरातली प्रत्येक फिल्म जुळवली जात होती. खाली मामाचं शिवणयंत्र चाललं की टेबल थरथरायचं, आणि मग त्याला वरून ओरडून थांबवावं लागायचं. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या सभागृहात बंदर समितीपुढे नवी फिल्म दाखवायची होती. खाडीत समुद्रगाईंची वीण होते, तिथे इंजिनाच्या बोटींना बंदी घालावी, असा अर्ज आईने दिला होता. ती फिल्म म्हणजे त्या अर्जाचा जीव. आणि फिल्मचा जीव म्हणजे पाठीवर जखम घेऊन समुद्रगाईच्या मागे मागे पोहणारं तिचं पिल्लू. त्या दृश्यावर आईचा आवाज होता, 'इंजिनाच्या पात्याने केलेली ही खूण बघा.'

सुतळ्याच्या बायकोने ते पिल्लू मोठं करून पाहिलं. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास हे तिचं काम. या खाडीतल्या समुद्रगाई ती दोन वर्षं मोजत होती. त्या दिवशी बोटीवरून घाईत बघून 'पात्याचीच दिसतेय' असं तीच म्हणाली होती. फिल्ममधलं वाक्य तिथूनच आलं होतं.

"पात्याच्या जखमा पावाच्या कापांसारख्या असतात," ती हळू म्हणाली. "एकाशेजारी एक. ही एकच आहे. लांब, बोथट."

"म्हणजे?"

"म्हणजे बोटीच्या तळाचा कणा असू शकतो. किंवा खडक. किंवा पात्याचाच एक चुकार फटका." तिने चष्मा काढला. "मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही."

"पण आपल्या बोटीला तर आवाजच नसतो!"

"तेच तर." तिने त्याच्याकडे बघितलं. "इंजिन ऐकू आलं की त्या खोल जातात. आपण ऐकूच येत नाही."

सुतळ्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे यंदाच्या सफरीचं पोस्टर होतं. गावोगावी किनाऱ्यावर पांढरं कापड बांधून फिल्म दाखवायची, त्याची जाहिरात. त्यावर मामाने स्वतः सुचवलेली ओळ होती: 'आवाज नाही, अपाय नाही.'

खालचं शिवणयंत्र थांबलं.

*

मामाने ते दृश्य उभ्यानेच पाहिलं. हातातली जाड सुई त्याने शर्टाच्या खिशाला खोचली, पुन्हा काढली, पुन्हा खोचली.

"ओंडका," तो म्हणाला.

"तू पाहिलास?" सुतळ्याने विचारलं.

"पाहिला म्हणजे… तपकिरी काहीतरी होतं. बाजूने मागे गेलं."

"मामा, समुद्रगायही तपकिरीच असते," सुतळ्याची बायको, घरातली सून, म्हणाली.

"मग ओंडके काय पांढरे असतात?" मामाचा आवाज चढला. "चाळीस वर्षं सुकाणू धरतोय मी. तुमच्या आजोबांनी ही बोट बांधली तेव्हा तिच्या फळ्या मी डोक्यावरून वाहिल्यात. लाकडावर लाकूड आपटलेलं मला कळत नाही?"

आई दारात उभी होती. ती केव्हा वर आली कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्या मागे ताई, सुतळ्याची थोरली बहीण. ताई बंदराच्या कचेरीत कारकून होती. संध्याकाळच्या सभेचं इतिवृत्त तिनेच लिहायचं होतं.

"मी इथे नाहीच असं समजा," ताई म्हणाली. "मी फक्त आईला सोडायला आलेय." आणि ती खुर्ची ओढून बसली.

आईने दृश्य बघितलं. एकदा, मग पुन्हा एकदा. स्वतःचं 'हं, असेल' आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

"मला हे आठवतच नाही," ती म्हणाली.

"तूच बोलतेयस, आई."

"ऐकू येतंय मला. पण आठवत नाही. पडले असते तर आठवलं असतं. कॅमेरा ओला झाला असता तर आठवलं असतं."

"त्या दिवशी दोन लाँचीही गेल्या होत्या आपल्या पुढून," मामा घाईने म्हणाला. "त्यांचं कोणी नाव घेत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"संन्यासी कोण, हेच तर ठरत नाहीये," सुतळ्या पुटपुटला.

मग सगळे एकदमच बोलायला लागले. सून म्हणाली, पात्याचं वाक्य निघालंच पाहिजे, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. सुतळ्या म्हणाला, नुसतं वाक्य काढून कसं चालेल, धक्कापण दाखवायला हवा, नाहीतर लपवल्यासारखं होईल. मामा म्हणाला, अंदाजाच्या सुतावरून स्वर्ग गाठू नका, लाँचवाले टपूनच बसलेत, आपल्याच हाताने त्यांना काठी कशाला द्यायची? झाकली मूठ सव्वा लाखाची.

"ताई, तुम्ही सांगा," सून म्हणाली.

"मी इथे नाहीये."

"ताई!"

"काय सांगू?" ताईने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "आता मी ऐकलंय. संध्याकाळी तिथे बसून 'पात्याने झालेली जखम' असं मी लिहू? की आईच्या नावापुढे काहीतरी भलतंच लिहू? आपलेच दात, आपलेच ओठ. मला तुम्ही ऐकवायलाच नको होतं."

"मग आलीस कशाला वर?" मामा खेकसला.

"तिच्यावर ओरडू नकोस, दादा," आई म्हणाली.

मामाने सगळ्यांकडे एकेकदा बघितलं, आणि तो जिना उतरून गेला. रोज धाडधाड उतरणारा माणूस आज कठड्याला धरून, एकेक पायरी बघत उतरला.

*

बोट दुरुस्तीच्या उतारावर ओढून ठेवलेली होती. पुढच्या सफरीला चारच दिवस राहिले होते. तळाला नवा रंग होता, लाल, अजून वास येणारा.

तो रंग मामानेच दिला होता, सफरीवरून आल्यावर आठच दिवसांत. आधी तळ खरवडला होता, शेवाळ काढलं होतं, कण्याच्या लोखंडी पट्टीवर पॉलिशचा दगड फिरवला होता. आता तो गुडघे टेकून त्या पट्टीवरून हात फिरवत होता. एका जागी हलकासा खोलगटपणा लागला. तो आधीपासून होता का? दोन वर्षांपूर्वी बंदरात शिरताना बोट दगडाला घासली होती, तेव्हाचा असेल. पण तो खोलगटपणा डाव्या अंगाला होता ना? की उजव्या? खरवडताना काही चिकटलेलं दिसलं होतं का? शेवाळ होतं. शेवाळच होतं. त्याने डोळे ताणून आठवायचा प्रयत्न केला, आणि जितका केला तितकं शेवाळाचं काहीतरी वेगळंच होत गेलं.

"सापडलं काही?"

बहीण उतारावरून सावकाश उतरत होती. त्रेसष्ट वर्षांची, हातात चपला.

"मीच साफ केलं सगळं," तो म्हणाला. "म्हणजे लपवायला नाही गं. दर वर्षी करतो तसं."

"मी कुठे काही म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. मीच म्हणतोय माझं मला."

ती त्याच्याशेजारी वाळूवर बसली.

"दादा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मागे वळून का नाही पाहिलंस?"

कुणीतरी शेजारच्या बोटीवर खिळे ठोकत होतं. त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत मामा म्हणाला, "वारा नेमका मिळाला होता. सकाळपासून आपण रखडत होतो, आणि तू टोकावरून ओरडत होतीस, असंच राहू दे, असंच राहू दे, उजेड फार छान आहे. वळलो असतो तर वारा गेला असता. तुझं चित्र गेलं असतं."

"म्हणजे माझ्यामुळे."

"असं म्हटलं का मी?"

"नाही. पण आहे तसं." ती वाळूत बोटाने रेघा ओढत होती. "आत्ता वर बसून मला आठवलं. धक्का नाही आठवला. उजेड आठवला. काय उजेड होता रे त्या दिवशी! मी मनात म्हणत होते, कोणी बोलू नका, कोणी हलू नका. आणि मग काहीतरी हललं, तर मी 'असेल' म्हणून मोकळी झाले."

"ओंडकापण असेल गं."

"असेल."

"तू पुन्हा तेच म्हणालीस."

दोघं एकमेकांकडे बघून हसली, आणि हसणं अर्ध्यातच थांबलं. लहानपणी बापाच्या मागे याच उतारावर दोघं धावायची. वडील गेले तेव्हा बोट विकायची का, यावरून वर्षभर दोघं बोलत नव्हती. मग तिने कॅमेरा आणला आणि म्हणाली, विकू नकोस, आपण हिच्यातून फिरून समुद्राची चित्रं लोकांना दाखवू. तेव्हापासून ती पुढे आणि तो मागे, अशीच बारा वर्षं गेली होती.

"माझ्या मनाचं तळ्यात-मळ्यात चाललंय," ती म्हणाली. "दाखवलं तर अर्ज बुडेल. नाही दाखवलं तर पिल्लाच्या त्या जखमेवर माझा आवाज राहील, जन्मभर. तू काय म्हणतोस?"

मामा उठला. गुडघ्यांना लागलेली वाळू त्याने झटकली नाही.

"दाखव," तो म्हणाला.

"मघाशी तर..."

"मघाशी मला वाटत होतं मला माहीत आहे."

*

वर येताना आईला वाटलं होतं, सून तरी आपल्या बाजूने असेल. पण तासाभरात सुनेचं मन पार उलटं फिरलं होतं.

"धक्का नको, आई," ती म्हणाली. "पात्याचं वाक्य काढू या आणि गप्प बसू या. जखम कशाची ते सांगायचंच नाही. मी मघापासून हिशेब करतेय. खाडीत पंधरा समुद्रगाई आहेत, त्यात तीन पिल्लं. दिवसाला वीस-पंचवीस लाँची जातात. आपण वर्षातून दोनदा. एका न कळलेल्या धक्क्यापायी त्या वीस लाँची मोकळ्या सुटणार असतील तर असला प्रामाणिकपणा काय कामाचा?"

"सकाळी तूच म्हणालीस, खात्री नाही ते बोलायचं नाही."

"बोलायचं नाहीच म्हणतेय मी! गप्प राहू या."

"गप्प राहणं म्हणजे पण बोलणंच की," सुतळ्या म्हणाला.

"तू मला शिकवू नकोस. रात्रंदिवस त्या प्राण्यांमागे मी असते, तू इथे पंख्याखाली बसतोस." बोलून झाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. तिने त्याचा दंड धरला. "मला भीती वाटतेय रे. पात्याची असं मीच म्हणाले होते. मीच पहिली चुकले."

"आपण सगळेच पहिले आहोत," मामा म्हणाला. "लाव तो धक्का. पक्षी काढ."

"मामा, तुम्ही? सकाळी तर तुम्ही..."

"सकाळचं सोड. आणि ते पोस्टर उतरव."

ताई जागची हलली नव्हती. आता ती उठली. भिंतीवरून पोस्टर तिनेच काढलं, नीट चार घड्या घातल्या, आणि कुठे ठेवावं ते न कळून हातातच धरून उभी राहिली.

आईने माइक ओढून घेतला. पिल्लाच्या दृश्यावर नवं वाक्य बोलायचं होतं. पहिल्यांदा ती म्हणाली, 'ही जखम कदाचित आमच्या बोटीने केली असेल.' सून म्हणाली, हे फार झालं. दुसऱ्यांदा म्हणाली, 'ही जखम कशाने झाली हे सांगता येत नाही.' मामा म्हणाला, हे फार कमी झालं. सहाव्या की सातव्या खेपेला कंटाळून ती म्हणाली, "ही जखम कोणी केली, आम्हाला माहीत नाही. तीन दिवस आधी आमच्या बोटीला याच ठिकाणी काहीतरी लागलं होतं. आम्ही मागे वळून पाहिलं नाही." आणि माइकवरच पुढे बोलली, "बास, आता मला जमत नाही."

सुतळ्याने शेवटचे पाच शब्द कापले. बाकीचं ठेवलं.

*

सभागृहात पडदे ओढले तरी उजेड राहतच होता. चित्र फिकं दिसत होतं. ताई पुढच्या टेबलाशी, समितीच्या अध्यक्षांच्या डाव्या हाताला, वही उघडून बसली होती. घरच्यांकडे तिने एकदाही बघितलं नाही.

आठव्या मिनिटाला 'ठप्' झालं तेव्हा कोणालाच काही कळलं नाही. पिल्लू आलं, आईचा आवाज आला, आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. फिल्म संपल्यावर लाँचमालकांचा पुढारी उभा राहिला. दणकट, गळ्यात दुर्बीण अडकवलेला माणूस.

"म्हणजे बाई, तुम्हीच धडकलात, आणि बंदी आम्हाला?"

"आम्हीच धडकलो असं नाही म्हटलं," आई म्हणाली.

"मग नाही धडकलात?"

"असंही नाही म्हटलं."

हशा झाला. सुतळ्याने बायकोचा हात शोधला.

"अहो, मग म्हणायचंय तरी काय तुम्हाला?" पुढारी खरंच गोंधळला होता. तो भांडायच्या तयारीने आला होता आणि समोर धरायला काही सापडत नव्हतं. "पाण्यात काहीतरी लागतं अधूनमधून. आम्हालाही लागतं. कोण थांबून बघतं? प्रवासी ओरडतात."

हे बोलून तो खाली बसायला लागला. आपण काय बोललो ते त्याला बसता बसता कळलं असावं. त्याच्या शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं.

अध्यक्षांनी सुनेला प्रश्न विचारले. किती गाई, किती खोल पाणी, समुद्रगवत कुठे. तिने उत्तरं दिली. शिडाची बोट निर्धोक आहे का, असं विचारलं तेव्हा तिने मामाकडे बघितलं. मामाने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते तिला कळलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "ती त्यांना ऐकू येत नाही."

समिती शेजारच्या खोलीत गेली आणि वीस मिनिटांनी परत आली. निर्णय ताईला वाचायचा होता. विणीचे पाच महिने खाडी बंद. "कोणत्याही प्रकारच्या बोटीला," तिने वाचलं, आणि थांबून पुढचं वाचलं, "शिडाच्या बोटीसह."

लाँचवाल्यांनी गलका केला. कोणी ताईच्या टेबलावर हात आपटला. आईला आपण जिंकलो की हरलो तेच उमजेना. हवं ते मिळालं होतं, आणि ज्या खाडीत बारा वर्षं चित्रण केलं तिचं दार तोंडावर बंद झालं होतं. तिने ताईकडे रागाने बघितलं, जणू निर्णय तिनेच घेतला होता. मग लाज वाटून तिने नजर वळवली. ताई खाली मान घालून वहीची पानं उगाचच सारखी करत होती.

"दादा, आपण बोलू या का काही? हरकत घेऊ या?"

मामा उठून उभा राहिला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तेव्हा त्याला काहीतरी बोलणं भाग पडलं.

"आमची हरकत नाही," तो म्हणाला, आणि बाहेर पडला.

*

सफर ठरल्या दिवशीच निघाली. पहिल्या गावाला जायची जवळची वाट खाडीतून होती. आता बाहेरून वळसा घालायचा, म्हणजे एक दिवस जास्त. ताईने रजा काढली होती. बारा वर्षांत पहिल्यांदाच ती सोबत आली होती, आणि निघाल्यापासून तिला मळमळत होतं. सून तिच्या पाठीवर हात फिरवत बसली होती. दोघी एवढा वेळ न भांडता यापूर्वी कधी बसल्या नव्हत्या.

आई नेहमीसारखी टोकाशी जाऊन बसली. सुतळ्याने कॅमेरा पुढे केला.

"नको," मामा मागून ओरडला. "तू पुढे बघ गं. नुसतं बघ."

"आणि फिल्म?"

"फिल्म सुतळ्या काढेल. मला डोळे हवेत तिथे."

ती नुसती बसली. हात रिकामे असल्याने तिला ते कुठे ठेवावेत कळेना. शेवटी तिने दोन्ही हातांनी दोर धरला. चौकट नसलेलं पाणी फार मोठं होतं. कुठून बघायला सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं, काहीच समजत नव्हतं. प्रत्येक लाट काहीतरी असल्यासारखी वाटायची आणि जवळ आली की लाटच असायची.

दुपारी वारा बरा मिळाला. शिडं भरली, बोट कलून वेगात निघाली. खाडीचं तोंड उजव्या हाताला मागे पडत होतं.

"थांब!" आई ओरडली. "दादा, समोर!"

"काय आहे?"

"माहीत नाही!"

मामाने सुकाणू पूर्ण दाबलं. शिडं फडफडली, वारा निसटला, डब्यातली भांडी खडखडत एका अंगाला गेली, ताई "अगं आई गं" म्हणून सुनेच्या अंगावर कलंडली. बोट वळली आणि जागच्या जागी डुलत उभी राहिली.

सगळे कठड्याशी आले. पाणी हिरवं होतं, गढूळ. सुतळ्याने चित्रण सुरू केलं आहे की नाही, हे विचारायचंही कोणाला सुचलं नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. काहीच वर आलं नाही.

"काही नसेलही," आई खालच्या आवाजात म्हणाली. "उगाच वारा घालवला तुझा."

"परत येईल तो," मामा म्हणाला. "तू बघत राहा."

आणि वारा परत येईपर्यंत ते सगळे तसेच उभे राहिले, पाचही जण, पाण्याकडे बघत.